बाळंतपणानंतरचें पोट : शस्त्रक्रिया कोणती आणि केव्हां ?

आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं कित्येकांच्या भुंवया वर चढल्या असतील. मोरगांवचा एक पेन्शनर मास्तर, मॅट्रिकपर्यंत शिकलेला, वय साठीच्या पुढें. त्यानें स्त्रियांच्या पोटावरील शस्त्रक्रियेविषयीं बोलावें, हें जरासें चमत्कारिक खरेंच. मी डॉक्टर नाहीं आणि औषधोपचार सांगण्याचा माझा अधिकार नाहीं. परंतु गेल्या तीन वर्षांत हा प्रश्न माझ्या स्वतःच्या घरांत उभा राहिला. त्यापायीं मला पुष्कळ विचारावें, वाचावें व ऐकावें लागलें. त्यांतून जें समजलें तें इतरांच्या उपयोगीं पडेल, असें माझ्या सुनेनेंच मला सुचविलें. "मामंजी, हें बायका बायकांतसुद्धां बोलत नाहींत. तुम्ही बोललांत तर निदान पुरुष तरी ऐकतील," हे तिचे शब्द. तिच्या संमतीनेंच मी आज बोलत आहें.

प्रारंभ माझ्या चुकीपासून करतों. सूनबाईचें पहिलें बाळंतपण सुखरूप झालें. दुसऱ्या खेपेस जुळीं झालीं. तीं मुलें दोन वर्षांचीं झालीं तरी तिचें पोट सहा महिन्यांच्या गर्भिणीसारखें पुढें दिसे. एकदां ती त्याविषयीं माझ्या पत्नीपाशीं हळू आवाजांत कांहीं बोलत असतां मीं ओटीवरून म्हटलें, "अग, आपल्या गांवचा देवच लंबोदर, मग पोटाची लाज कसली?" सगळे हंसले. तीहि हंसली. विषय मिटला असें मला वाटलें.

पुढें माघी चतुर्थीच्या यात्रेस आलेल्या एका पाहुण्या बाईनें मयूरेश्वराच्या पायऱ्यांवर, चारचौघींसमक्ष, तिला विचारलें, "आतां कितवा महिना ?" त्या दिवसापासून वर्षभर सूनबाई देवळांत गेली नाहीं. आमच्या घरापासून देऊळ हांकेच्या अंतरावर आहे. दर चतुर्थीस दर्शनाला जाण्याचा तिचा नेम होता. तो नेम मोडला आहे, हें माझ्या ध्यानांत यावयासहि वर्ष लागलें. मुलांच्या पाटीवरची काना-मात्रेची चूक मला दुरून दिसे. पण घरांतलें माणूस मुकाट्यानें मागें सरत आहे, हें दिसलें नाहीं.

बरें, तिची तक्रार नुसती दिसण्याची होती असेंहि नव्हे. कंबर सतत दुखे. कडेवर मूल घेऊन चार घरें ओलांडलीं कीं तिला बसावें लागे. उताणी निजून उठूं लागली म्हणजे पोटाच्या मधोमध, बरगड्यांपासून बेंबीखालपर्यंत, उभा उंचवटा येई. माझी पत्नी त्यास 'वायु' म्हणे आणि मी मनांतल्या मनांत 'आळस' म्हणत असें. आम्ही दोघेंहि चुकत होतों.

मीं पस्तीस वर्षें शाळेंत गणित शिकविलें. उदाहरण सोडविण्यापूर्वीं 'दिलेलें काय' आणि 'काढावयाचें काय' हें पाटीवर लिहा, असें मी मुलांना नेहमीं सांगत असें. ज्यानें तें लिहिलें नाहीं त्याची रीत बरोबर असूनहि उत्तर चुके. पोटाच्या ह्या प्रश्नांतहि तोच नियम लागू पडतो. शस्त्रक्रिया कोणती करावी, हा प्रश्न दुसरा आहे. पोटाला नेमकें काय झालें आहे, हा पहिला. पहिल्याचें उत्तर नीट मिळालें तर दुसऱ्याचें उत्तर बहुतेक आपोआपच निघतें.

आपण सरसकट 'पोट सुटलें' असें म्हणतों. परंतु त्या दोन शब्दांत तीन निरनिराळ्या गोष्टी दडलेल्या असतात. पोटाच्या पुढच्या भिंतीस वरून आंत तीन थर आहेत : त्वचा, तिच्याखालीं चरबी, आणि चरबीखालीं स्नायु. गर्भारपणांत तिन्ही ताणले जातात. बाळंतपणानंतर कोणाची त्वचा सैल राहून तिची घडी लोंबते. कोणाच्या अंगावर चरबी राहते. आणि कोणाचे स्नायु एकमेकांपासून फांकलेले राहतात. कोणाच्या बाबतींत तिन्ही घडतें. औषध ज्या थराचा दोष असेल त्या थराला हवें.

ह्यांपैकीं स्नायूंची गोष्ट सर्वांत कमी लोकांस ठाऊक आहे. बरगड्यांपासून ओटीपोटाच्या हाडापर्यंत दोन उभे स्नायु जातात व मधोमध एका पांढऱ्या चिवट पट्टीनें ते जोडलेले असतात. पोटांत मूल वाढूं लागलें म्हणजे ही पट्टी रुंदावते आणि स्नायु दूर सरकतात. हें निसर्गानें जागा करून देण्यासाठींच केलेलें असतें. त्यांत रोग कांहीं नाहीं. प्रसूतीनंतर पुष्कळजणींची फांक हळूहळू भरून येते, कांहींजणींची येत नाहीं. नॉर्वे देशांत ३०० प्रथमगर्भिणींची पाहणी होऊन तिचे निष्कर्ष २०१६ सालीं प्रसिद्ध झाले. प्रसूतीनंतर सहा आठवड्यांनीं शंभरांत साठ जणींस ही फांक होती, सहा महिन्यांनीं पंचेचाळीस जणींस आणि वर्षानें सुमारें तेहतीस जणींस. म्हणजे वर्ष उलटल्यावरहि तिघींत एक ! मीं ज्याला आळस म्हटलें, तें असें सर्वसाधारण शरीरधर्माचें कारण निघालें.

ह्याची ओळख घरींहि कांहीं अंशीं पटते. उताणें निजावें, गुडघे दुमडावे, हाताचीं बोटें बेंबीपाशीं आडवीं ठेवावीं आणि डोकें व खांदे किंचित् उचलावे. दोन कठीण कांठांच्या मध्यें दोन बोटें किंवा अधिक सहज शिरूं लागलीं, तर फांक आहे असें समजून डॉक्टरांस दाखवावें. खरें माप ते हातानें व सोनोग्राफीनें घेतात. बेंबीपाशीं फुगा येत असेल तर हर्नियाहि असूं शकतो. तो मात्र अंदाजावर सोडूं नये.

आतां उपायांकडे वळूं. पहिला उपाय शस्त्रक्रिया न करण्याचा, आणि तोहि एक खराखुरा पर्याय आहे. आपल्याकडे बाळंतिणीचें पोट जुन्या लुगड्याच्या पट्ट्यानें बांधतात. त्यानें आधार वाटतो आणि कंबरेस आराम पडतो. पण फांकलेले स्नायु त्यानें जुळत नाहींत. त्यासाठीं व्यायाम लागतो, आणि तो ह्या विषयांतील जाणत्या फिजिओथेरपिस्टकडून शिकावा. श्वासाबरोबर पोटाचे खोलवरचे स्नायु आंत ओढण्यापासून त्याची सुरुवात होते. प्रारंभींच धडाधड बैठका घालून पोट पुढें फुगवलें तर ताण भलतीकडेच पडतो. व्यायामानें बळ येतें, कंबर दुखणें कमी होतें, कित्येकींची फांकहि कमी होते. परंतु ताणून सैल झालेली त्वचा व्यायामानें आंखडत नाहीं, हेंहि तितकेंच खरें.

माझी मुलगी पुण्यास असते. तिलाहि दोन मुलें. भावजयीची तपासणी झाल्यावर तिनेंहि आपली करून घेतली. तिची फांक अडीच बोटें निघाली. त्वचा बरीच घट्ट होती. तिनें आठ महिने नेमानें व्यायाम केला. कंबर थांबली. पोटावर थोड्या रेघा आणि किंचित् सैलपणा राहिला आहे. "एवढ्यासाठीं मी सुरीखालीं जाणार नाहीं," असें तिनें ठरविलें. तिच्या उदाहरणाचें उत्तर तेंच होतें.

दुसरा उपाय चरबी शोषून काढण्याचा. त्यास लायपोसक्शन म्हणतात. बारीक छिद्रांतून नळी घालून चरबी ओढून घेतात. व्रण अगदीं लहान राहतात. परंतु ज्या स्त्रीची त्वचा घट्ट आहे व स्नायु जागेवर आहेत, तिलाच हा पुरा पडतो. सैल त्वचेखालची चरबी काढली तर पिशवी रिकामी झाल्यासारखी होऊन ती अधिकच लोंबण्याचा संभव असतो. आणि फांकलेल्या स्नायूंवर ह्याचा कांहींच इलाज नाहीं.

तिसरा उपाय लहान छेदाची शस्त्रक्रिया. हिला 'मिनी टमी टक' म्हणतात. ओटीपोटावर सिझेरियनच्या छेदाएवढा किंवा थोडा मोठा आडवा छेद घेऊन बेंबीखालची तेवढी सैल त्वचा काढतात. बेंबी हलवीत नाहींत. त्रास कमी, विश्रांति थोडी. ज्या स्त्रीची सगळी तक्रार बेंबीच्या खालींच आहे, तिच्यासाठीं ही योग्य. तक्रार बेंबीच्या वरहि असेल तर मात्र अपुरी.

चौथी ती पूर्ण शस्त्रक्रिया. डॉक्टरांच्या भाषेंत अ‍ॅब्डॉमिनोप्लास्टी. ओटीपोटावर खालच्या अंगास, कंबरेच्या एका हाडापासून दुसऱ्या हाडापर्यंत छेद घेतात. सिझेरियनचा जुना व्रण असेल तर तो बहुधा काढलेल्या त्वचेबरोबर निघून जातो. त्वचा व चरबी बरगड्यांपर्यंत मोकळी करून उचलतात. बेंबी भोंवतालच्या त्वचेपासून सोडवून देहाशीं जोडलेलीच ठेवतात. फांकलेले स्नायु मध्यरेषेंत टांक्यांनीं जवळ आणतात, त्वचा खालीं ओढून जास्तीची कापून टाकतात आणि बेंबीसाठीं नवें छिद्र पाडतात. ह्यास पूर्ण भूल द्यावी लागते. दोन-तीन तास, कधीं अधिकहि लागतात. बेंबीखालच्या रेघा कापलेल्या त्वचेबरोबर जातात, वरच्या राहतात. गरजेप्रमाणें ह्याच वेळीं थोडी चरबीहि शोषून घेतात.

ह्याहून मोठे प्रकारहि आहेत. छेद कुशीपर्यंत, किंवा कंबरेभोंवतीं पुरता फिरवून घेण्याचे; तसाच पोटावर आडव्याबरोबर उभा छेद घेण्याचा. ते मुख्यतः ज्यांचें वजन फार मोठ्या प्रमाणांत उतरून सर्वांगाची त्वचा लोंबूं लागली आहे, त्यांच्यासाठीं. नुसत्या बाळंतपणानंतर त्यांची गरज क्वचितच पडते.

सूनबाईच्या बाबतींत काय झालें तें आतां सांगतों. मोबाईलवर जाहिरात पाहून माझा मुलगा तिला शहरांतील एका दवाखान्यांत घेऊन गेला. तेथें दहा मिनिटांत पाहून, 'लहानशी शस्त्रक्रिया, दोन दिवसांत घरीं. आजच नांव नोंदविल्यास सवलत, पैसे हप्त्यांनीं,' असें सांगण्यांत आलें. तिला उताणें निजवून डोकें उचलावयास कोणीं सांगितलें नाहीं. मुलगा आनंदानें परतला. पण दुकानदार माप न घेतां सदरा शिवून देतों म्हणाला तर आपण त्यास कापड देत नाहीं. मग येथें घाई कां, असें मला वाटलें. मीं दुसऱ्या सर्जनचें मत घ्यावयास लावलें.

दुसऱ्या सर्जननें तिला उभी करून, वांकवून, निजवून तपासलें. फांक चार बोटें. बेंबीच्या वर व खालीं दोन्हीकडे. बेंबीपाशीं लहानसा हर्निया. ते म्हणाले, "लहान छेदानें हिचें अर्धेंसुद्धां काम होणार नाहीं. पुन्हां दुसरी शस्त्रक्रिया करावी लागेल. पण आज मी कोणतीच तारीख देत नाहीं. आधीं सहा महिने व्यायाम करा, रक्त वाढवा, मग या." श्रोतेहो, ज्या डॉक्टरनें आम्हांस परत पाठविलें त्याच्यावर आमचा विश्वास बसला.

त्या भेटींतील आणखी एक प्रसंग मला मुद्दाम सांगावयाचा आहे. डॉक्टरांनीं मला व माझ्या मुलास बाहेर बसावयास सांगितलें. नंतर कळलें कीं, त्यांनीं तिला विचारलें, "तंबाखू, मिश्री कांहीं लावतां का ?" आणि ती हो म्हणाली. जुळ्यांच्या वेळीं रात्रीचीं जागरणें होत, तेव्हां सासूच्याच डबींतून तिनें मिश्री लावावयास सुरुवात केली होती. आमच्या समक्ष विचारलें असतें तर ती नाहीं म्हणाली असती, आणि तें 'नाहीं' तिला फार महाग पडलें असतें.

कां, तें समजण्यास पुण्याचीच एक जुनी गोष्ट उपयोगी पडते. १७९२ सालच्या टिपूवरील युद्धांत इंग्रजी सैन्याबरोबर बैल हांकणारा कावसजी नांवाचा एक मराठा कैद झाला व त्याचें नाक आणि एक हात कापण्यांत आला. पुढें पुण्याजवळ विटा करणाऱ्या जातीच्या एका कारागिरानें त्याच्या कपाळावरची त्वचा वळवून त्याला नवें नाक बसविलें. ही हकीकत लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' ह्या मासिकांत ऑक्टोबर १७९४ मध्यें छापून आली. ती वाचून प्रेरणा घेतलेल्या कार्प्यू ह्या इंग्रज सर्जननें १८१४ सालीं लंडनला तशीच शस्त्रक्रिया केली. पुण्याच्या त्या कारागिराचें मर्म एवढेंच होतें कीं, कपाळाची त्वचा वळवितांना तिचा एक देठ जागेवर ठेवावयाचा, म्हणजे त्यांतून रक्त येत राहतें व त्वचा जगते. पोटाच्या पूर्ण शस्त्रक्रियेंतहि उचललेली त्वचा उरलेल्या रक्तपुरवठ्यावरच जगते. तंबाखूंतील निकोटिन बारीक रक्तवाहिन्या आंखडतें. आणि मग त्वचेचा कांठ काळा पडून मरतो, जखम उघडते. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वीं निदान चार आठवडे आणि नंतरहि जखम पुरी भरेपर्यंत विडी, तंबाखू, मिश्री, सर्व बंद. त्याच कारणानें पोटावर पूर्वीं झालेल्या शस्त्रक्रियांचे व्रण, विशेषतः बरगड्यांखालचे, डॉक्टरांस आवर्जून दाखवावे. मधुमेह आणि रक्त कमी असणें, हींहि लपवूं नयेत. सूनबाईनें मिश्री सोडली. आणि तिला सोबत म्हणून माझ्या पत्नीनेंहि चाळीस वर्षांची डबी उकिरड्यावर टाकली.

केव्हां करावी, ह्याचेंहि उत्तर ठरलेलें आहे. आणखी मूल हवें असेल तर थांबावें. नंतरच्या गर्भारपणास धोका येतो म्हणून नव्हे. तर शिवलेले स्नायु व ओढलेली त्वचा पुन्हां ताणली जाऊन केलेलें काम वायां जाण्याचा संभव असतो म्हणून. प्रसूतीस निदान सहा महिने, शक्य तर वर्ष लोटलेलें असावें. अंगावरचें दूध सुटून कांहीं महिने झालेले असावे. आणि वजन स्थिर असावें. वजन उतरविण्याचें हें साधन नव्हे. आधीं वजन उतरवावें, मग शस्त्रक्रियेचा विचार करावा.

आतां धोके सांगितलेच पाहिजेत. जाहिरातींत पूर्वींचें व नंतरचें अशीं दोन चित्रें असतात. त्या दोहोंच्या मधले दिवस त्यांत नसतात. त्वचेखालीं पाणी साठणें हा सर्वांत नेहमींचा त्रास. त्यासाठीं कांहीं दिवस बारीक नळ्या ठेवाव्या लागतात. रक्त साठणें, जखम चिघळणें, कांठाची त्वचा मरणें हेंहि घडतें. बेंबीखालीं बधिरपणा येतो. तो महिनोन् महिने राहतो, कधीं थोडा कायमहि. व्रण वर्ष-दीड वर्षानें फिका होतो, पण पुसत नाहीं. आणि आपल्यासारख्या सांवळ्या कातडीच्या लोकांत कांहींजणांचा व्रण जाड व उंच होतो. पूर्वींच्या एखाद्या जखमेचा व्रण तसा झाला असेल तर आधींच सांगावें. सर्वांत गंभीर धोका पायाच्या शिरेंत रक्ताची गांठ होऊन ती फुप्फुसांत जाण्याचा. तो क्वचित् घडतो, पण जीवावर बेततो. म्हणूनच रोग्यास लवकरांत लवकर उठवून चालवितात. पोटरी सुजली किंवा दम लागला तर सकाळची वाट न पाहतां रुग्णालय गांठावें. मोरगांवाहून पुणें पासष्ट-एक किलोमीटर. म्हणून पहिले पंधरा दिवस सूनबाईस आम्हीं मुलीकडे, रुग्णालयाच्या जवळ ठेवलें.

सर्जन कोण, हेंहि पाहावें. आपल्या देशांत सर्वसाधारण शस्त्रक्रियेचें शिक्षण पुरें केल्यावर प्लास्टिक सर्जरीचें वेगळें शिक्षण घ्यावें लागतें, एम्. सीएच्. ही त्याची पदवी. ही विद्या आपल्याकडे नवी नव्हे. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत डॉ. सी. बालकृष्णन् ह्यांनीं १९५८ सालीं तिचा स्वतंत्र विभाग उभा केला. भाजलेल्यांचे हात, जन्मतः दुभंगलेले ओठ सुधारणें, हें ह्या विद्येचें मोठें काम आहे. दुभंगलेलें पोट सांधणें त्याच विद्येचें एक अंग समजावें. तिचा उपयोग करणें म्हणजे नखरा, असें मानण्याचें कारण नाहीं. सर्जनला त्याचें शिक्षण विचारण्यांत संकोच कसला ? भूल देणारे डॉक्टर कोण, रात्रीं कांहीं झालें तर कोण येणार, एकूण खर्च किती, आणि पुन्हां टांके घालावे लागले तर त्याचा खर्च कोणाकडे, हे प्रश्न कागदावर लिहून न्यावे. आरोग्यविमा नुसत्या सौंदर्यासाठीं केलेल्या शस्त्रक्रियेचा खर्च सामान्यतः देत नाहीं. हर्नियाची गोष्ट वेगळी, त्याविषयीं आधींच लेखी विचारून घ्यावें.

आतां शेवटचा आणि माझ्या मतें सर्वांत महत्त्वाचा मुद्दा : निवड कोणीं करावयाची ? बीडकडील ऊसतोड कामगार दर हंगामांत आपल्या बारामती-इंदापूरच्या फडांत येतात. त्यांतील स्त्रियांचीं गर्भाशयें मोठ्या संख्येनें काढलीं जात असल्याची ओरड झाल्यावरून राज्य सरकारनें २०१९ सालीं डॉ. नीलम गोऱ्हे ह्यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली. बीड जिल्ह्यांतील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली. त्यांत १३,८६१ जणींचें गर्भाशय काढलेलें आढळलें. सहांत एक ! त्यांतील सगळ्याच शस्त्रक्रिया अनावश्यक होत्या असें मी म्हणत नाहीं. पण भीति घालून, घाईनें, दुसऱ्यांच्या सोयीसाठीं स्त्रीच्या पोटावर सुरी चालते, ही गोष्ट आपल्या शेजारींच घडलेली आहे. शस्त्रक्रिया श्रीमंतीची असो कीं गरिबीची, नियम एकच. जिचें पोट, तिची निवड.

नवऱ्याच्या टोमण्याखातर कोणीहि हें करूं नये. आणि तिला स्वतःला मनापासून हवें असेल, माहिती पुरी असेल, प्रकृति साथ देत असेल, तर 'आतां तुला काय करावयाचें आहे दिसण्याशीं ?' असें म्हणून कोणीं तिला अडवूंहि नये. दिसण्याचें दुःख हें दुःखच नव्हे, असें मी पूर्वीं समजत होतों. आतां समजत नाहीं.

सूनबाईनें सहा महिने व्यायाम केला. कंबर पुष्कळ सुधारली. फांक चाराची तीन बोटें झाली. हर्निया व त्वचा होती तशीच राहिली. मग तिनें पूर्ण शस्त्रक्रिया करावयाचें ठरविलें. ठरविण्यापूर्वीं तिनें आम्हां सर्वांस बसवून एकच प्रश्न विचारला : "सहा आठवडे मला हंडा, मूल, दळणाचा डबा, कांहीं उचलतां येणार नाहीं. कोण उचलणार ?" श्रोतेहो, कोणत्या प्रकारची शस्त्रक्रिया, ह्या प्रश्नाचें अर्धें उत्तर सर्जनपाशीं असतें आणि अर्धें ह्या प्रश्नांत. ज्या घरांत हे सहा आठवडे मिळणार नाहींत, त्या घरांत चांगली शस्त्रक्रियाहि वायां जाईल. टांके आंतून तुटतील.

आपल्या जुन्या बायकांनीं बाळंतिणीस सव्वा महिना सांभाळण्याची चाल घालून दिली. त्यांत शहाणपण होतें. आम्हीं ठरविलें कीं, हा सूनबाईचा दुसरा सव्वा महिना, आणि वर आणखी चार दिवस. पहिला आठवडा ती कंबरेंत वांकून चालत होती. पोटास पट्टा होता. माझ्या मुलानें सकाळचें पाणी भरलें. जुळ्यांस न्हाऊं घालण्याचें काम माझ्याकडे आलें. पस्तीस वर्षें चाळीस-चाळीस मुलांचा वर्ग सांभाळला, पण दोन ओलीं मुलें एका वेळीं धरून ठेवणें त्याहून अवघड, असा माझा अनुभव आहे. जखमेच्या एका टोंकास थोडें पाणी साठलें. तें दोनदां सुईनें काढावें लागलें. त्याखेरीज सर्व सुरळीत पार पडलें. बेंबीखालीं अजून बधिर आहे. खालीं आडवा व्रण आहे, तो अजून लालसर दिसतो असें ती म्हणते. हें सर्व तिला आधीं ठाऊक होतें, म्हणून तिची तक्रार नाहीं.

तेव्हां सारांश असा. आधीं दोष कोणत्या थरांत आहे तें ओळखा. व्यायामास पुरेसा अवधि द्या. मुलें होणें संपूं द्या, तंबाखू सोडा, दोन डॉक्टरांचीं मतें घ्या. मग सगळ्यांत लहान नव्हे, सगळ्यांत स्वस्त नव्हे, तर दोषास पुरी पडेल तीच शस्त्रक्रिया निवडा; आणि न करणें पुरें पडत असेल तर तेंच निवडा. बारामतीस २०१९ सालापासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. प्राथमिक तपासणीसाठीं आतां जाहिरातीच्या मागें धांवण्याचें कारण नाहीं.

गेल्या चतुर्थीस सूनबाई देवळांत गेली. तिच्याबरोबर आमच्या आळींतील एक नवी बाळंतीण होती. पायऱ्यांवर कोणीतरी त्या मुलीस तोच जुना प्रश्न विचारूं लागलें, तेव्हां सूनबाईनें मध्येंच विचारलें, "तुमची कंबर कशी आहे हो आतां ?" आणि बोलणें दुसरीकडे वळविलें. लंबोदराचा तो विनोद मीं पुन्हां कधीं केला नाहीं. आपणहि करूं नये, एवढीच विनंति करून मी आपली रजा घेतों.